पायाखालचा ब्रेक

चिंचवडच्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पोलाद वितळवायचं आणि साच्यांत ओतून त्याचे मोठमोठे भाग करायचे, हा तिथला धंदा. मी राहायला संत तुकाराम नगरात होतो. सकाळी सायकलवर निघायचो आणि कारखान्याचं फाटक दिसायच्या आधीच भट्टीचा वास यायचा. ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. तिथल्या ओतकामाच्या शेडमधल्या क्रेनला कोणता ब्रेक बसवायचा हे मी ठरवलं. त्याची फाइल तेव्हाच बंद झाली. फाइलमध्ये जे लिहिलं नाही ते मी इथे सांगतो आहे.

शेडच्या दोन्ही भिंतींवर, जमिनीपासून तीस फुटांवर, रूळ होते. त्या रुळांवर आडवी बसलेली क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. तिच्या एका कडेला खाली लोंबणारी पत्र्याची केबिन होती. तिच्यात ऑपरेटर बसायचा. हाताशी दांडे आणि उजव्या पायाखाली ब्रेकचं पॅडल. मोटारगाडीला असतो तसाच तो ब्रेक. पॅडल दाबलं की नळीतलं तेल पुढे सरकायचं, ड्रमवर पट्टे आवळायचे, क्रेन थांबायची. पाय उचलला की सुटायची. हुकाला वेगळा स्प्रिंगचा ब्रेक होता, त्यामुळे उचललेलं ओझं खाली पडायची भीती नव्हती. पण धावत्या क्रेनला थांबवणारं एकच होतं, ऑपरेटरचा पाय.

आमचा ऑपरेटर पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस होता. पिंपरीत राहायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. थोडा वेग घ्यायचा, मग दांडा शून्यावर आणून क्रेन तशीच घरंगळू द्यायची आणि शेवटी पायानं हळूहळू धरायची, ही त्याची रीत. हुकाला टांगलेली, वितळलेल्या पोलादानं भरलेली लॅडल, म्हणजे आतून विटा लावलेली भलीमोठी लोखंडी बादलीच, त्याच्या हाताखाली वितभरही झुलायची नाही.

खाली त्याचा जोडीदार होता खलाशी; कारखान्यात क्रेनच्या मदतनीसाला असं म्हणत. रहाटणीचा, जुन्या गावकरी घरातला, पैलवानी अंगाचा. ऑपरेटरला केबिनमधून सगळं दिसत नाही, म्हणून खलाशी लॅडलच्या पुढे चालायचा आणि हातानं खुणा करायचा. पंजा वर केला की थांब. बोटं खाली हलवली की खाली घे. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांशी असं हातानं आणि पायानंच बोलून काम केलं होतं. चहाच्या सुट्टीत शेजारी बसायचे तेव्हाही फारसं बोलायचे नाहीत.

एप्रिल होता. दुपारी पहिली शिफ्ट संपायला तासभर असताना भट्टी ओतायला झाली. मी एका खांबाजवळ पंख्याची मोटर उघडून बसलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांसमोर घडलं. लॅडल भरली, उचलली गेली, आणि क्रेन शेडच्या दुसऱ्या टोकाला निघाली. खलाशी पुढे चालत होता. मोठ्या साच्याच्या तोंडाशी येताच त्यानं वळून पंजा वर केला. क्रेन थांबली. लॅडल नेमकी साच्यावर उभी राहिली, हललीसुद्धा नाही.

खलाशानं बोटं खाली हलवली. काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा हलवली.

"ओ मामा! खाली घ्या की!"

वरून उत्तर नाही. भट्टीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं दोन्ही हातांचा भोंगा करून हाक मारली. मग लॅडलच्या तळाच्या तोंडाचं बूच उघडायला उभा असलेला माणूसही ओरडला. केबिनच्या काचेत मामाचा चेहरा दिसत होता. तो खालीच बघत होता.

मी शिडी चढलो. छताजवळची हवा भट्टीच्या वाफेनं इतकी तापलेली असायची की कठड्याचं लोखंड हाताला चटका द्यायचं. केबिनचं दार उघडून मी म्हणालो, "मामा, झोप लागली काय?" आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. मनगट गार होतं. माठाच्या पोटाला हात लावावा तसं गार. त्या उकाड्यात.

तो ताठ बसला होता. डोळे उघडे, काचेतून खाली लागलेले. दांडा शून्यावर होता. उजवा पाय पॅडलवर होता आणि पॅडल तळापर्यंत दाबलेलं होतं.

आता काय करायचं हे ठरवायला मला फार वेळ नव्हता. लॅडलमधलं पोलाद क्षणाक्षणाला निवत होतं आणि खाली आठ-दहा माणसं उभी होती. त्यांना ओरडून सांगितलं असतं तर कुणी शिडीकडे धावलं असतं, कुणी बाहेर पळालं असतं, आणि ती उकळती बादली तशीच डोक्यावर लटकत राहिली असती. मामाला उचलून बाजूला करणंही जमणार नव्हतं. केबिन एका माणसापुरती. शिवाय त्याचा पाय काढला तर क्रेन धरून ठेवणार कोण, हा विचार मला खरोखर आला. हे सगळं मी नंतर जुळवलेलं असेल. तेव्हा एवढंच झालं की मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "मामांना बरं वाटत नाहीये. मी हूक चालवतो. तू खुणा कर."

खलाशानं मान डोलावली. त्यानं बोटं खाली हलवली.

मेंटेनन्समुळे मला दांडे माहीत होते. मी मामाच्या मागे, त्याच्या खांद्यावरून वाकून उभा राहिलो आणि डाव्या हातानं हुकाचा दांडा ओढला. लॅडल खाली गेली. खलाशी खुणा करत होता, थोडं खाली, अजून थोडं, बस. खुणा माझ्यासाठी होत्या, पण खालून त्याला दिसत होता तो मामाचा चेहरा, आणि नऊ वर्षांच्या सवयीनं तो त्याच्याच डोळ्यांत बघून हात हलवत होता. माझ्या गालाला मामाचे केस लागत होते. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. खाली पांढरंशुभ्र पोलाद साच्यात पडायला लागलं आणि त्याचा उजेड वर येऊन आमच्या दोघांच्या तोंडावर पडला. त्या उजेडात मामाच्या बुबुळांत काहीतरी हलत होतं. उजेडच असणार.

साचा भरेपर्यंत क्रेन इंचभरही सरकली नाही. रिकामी लॅडल मी वर उचलली. खलाशानं ठरल्याप्रमाणे हात हलवला, म्हणजे काम झालं, जा. मग मी खाली उतरलो आणि सांगितलं.

मामाला चौघांनी धरून शिडीवरून उतरवलं. पाय पॅडलवरून काढायला मला दोन्ही हात लावावे लागले. पाय निघाला तरी पॅडल वर आलं नाही. ते मी पाहिलं, पण त्या वेळी त्याचा विचार केला नाही.

कारखान्याचे डॉक्टर दुपारी तासभर येत. त्यांनी मामाचा जबडा चाचपला, हाताची बोटं वाकवून पाहिली आणि घड्याळ बघितलं. "जाऊन पाऊण तास तरी झालेला दिसतो," ते म्हणाले.

खलाशी दारातच उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टरसायेब, लॅडल भरून निघाली त्याला अर्धा तासबी न्हाई झाला. त्यानंच आनली की ती हितवर."

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "उन्हाळ्यात अंदाज चुकतो. उकाड्यात शरीर लवकर आखडतं." कागदावर त्यांनी हृदयविकार लिहिलं आणि वेळ अंदाजे म्हणून टाकली. मला विचारलं, "गार कसं लागलं म्हणालात तुम्ही?" मी पुन्हा सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

फाटकाबाहेर खलाशानं मला गाठलं. माझ्या सायकलचं हँडल धरून तो उभा राहिला. रागात होता की रडत होता, कळत नव्हतं.

"तुमाला म्हाईत व्हतं साहेब. वर चढल्या-चढल्या म्हाईत व्हतं."

"हो."

"आन मी त्याच्याकडं बघून हात करत व्हतो. मेलेल्या मानसाला."

मी म्हणालो, "दुसरं काय करणार होतो मी? खाली माणसं होती."

"ते हाय. पन मला सांगा, मी पैला पंजा वर केला तवा तुमी वर न्हवता. तवा कुनी थांबवली?"

त्यानं हँडल सोडलं आणि काळेवाडीच्या वाटेनं चालत गेला. क्रेन बंदच होती, पण दुसऱ्याच दिवशी त्यानं यापुढे खुणा करायला नकार दिला. सुपरवायझरला म्हणाला, झाडू मारीन, वाळू उपसेन, पण त्या केबिनकडं बघून हात वर करणार न्हाई.

वर्क्स मॅनेजरांनी मला बोलावलं. ब्रेक तपासा आणि नवा कोणता घ्यायचा ते ठरवून द्या, म्हणाले. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असायची. त्या गुरुवारी मी एक फिटर बरोबर घेतला आणि ब्रेक उघडला. शेड रिकामी होती. वीज मुख्य खटक्यापासून बंद होती. छताच्या पत्र्यावर कावळे चालले तरी आवाज घुमत होता. मी मामाच्या सीटवर बसलो. सीटवर त्यानं घडी घालून ठेवलेलं घोंगडीचं फडकं तसंच होतं आणि मधे बसून बसून खोलगट झालं होतं.

पॅडल अजून खालीच होतं. आठवडाभर कुणाचा पाय नव्हता, तरी क्रेन ब्रेकमध्ये धरलेली होती. फिटरनं नळीचा जोड सैल केला तेव्हा तेल पिचकारीसारखं उडालं आणि पॅडल एकदम वर येऊन माझ्या बुटाला लागलं. मी दचकून पाय मागे घेतला. फिटर हसला, मग त्याचंच त्याला बरं वाटलं नाही.

सिलिंडर खोलल्यावर कारण सापडलं. या ब्रेकमध्ये खास ब्रेकचं तेल घालावं लागतं. ते कमी पडलं म्हणून कुणीतरी मशीनचं साधं तेल ओतलं होतं. त्यानं आतले रबरी वॉशर फुगले होते. वॉशर फुगला की तेलाची परत जायची वाट बुजते आणि एकदा दाबलेलं पॅडल खालीच अडकतं. मग पॅडल दाबलेलं असो नसो, नळीतलं कोंडलेलं तेल उष्णतेनं फुगलं की ब्रेक आपोआप आवळत जातो. आमची ती नळी बरोबर भट्टीच्या वरून जाणाऱ्या बाजूला होती. म्हणजे भरलेली लॅडल नेता नेता तेल तापलं, ब्रेक स्वतःच लागला आणि क्रेन थांबली. मामा त्याआधी गेला असला तरी हिशेब जुळत होता.

मला इतकं हलकं वाटलं की मी तसाच, तेलकट हातांनी, रहाटणीला सायकल मारली. खलाशी घरासमोर म्हशीला पाणी दाखवत होता. मी त्याला फुगलेला वॉशर दाखवला, सगळं समजावून सांगितलं. त्यानं तो बोटांत धरून नीट दाबून पाहिला.

"व्हय," तो म्हणाला. "तेल तापलं, ब्रेक लागला. पटलं."

"मग?"

"मग साच्याच्या आधी दहा फुटावर का न्हाई लागला? म्होरं दहा फुटावर का न्हाई लागला? मी हात वर केला तवाच कसं तापलं तेल?"

मी म्हणालो, "योगायोग."

त्यानं वॉशर माझ्या हातात परत दिला. "त्याला कायबी म्हना," तो म्हणाला आणि म्हशीकडे वळला.

मी परत येऊन एक चाचणी घेतली. मामाचा पाय जितका जड असेल त्या अंदाजानं वाळूची पिशवी बुटात भरली आणि नवे वॉशर घातलेल्या ब्रेकच्या पॅडलवर ठेवली. क्रेन थांबली नाही, घरंगळत पुढे गेली. निर्जीव पायाचं वजन पुरत नव्हतं. म्हणजे ब्रेक लागला तो एक तर तेलानं, नाही तर जिवंत पायानं. मी अहवालात तेल लिहिलं.

पंधरा दिवसांनी मामाची बायको त्याचं सामान न्यायला आली. डबा, चपला, एक स्वेटर आणि ते घोंगडीचं फडकं. टाइम ऑफिसातल्या बाकावर ती पदर सावरून बसली होती. बरोबर थोरला मुलगा होता, दुसऱ्या कंपनीत कामाला लागलेला. मी जाऊन समोर उभा राहिलो. म्हणालो, "वहिनी, शेवटी वर मी होतो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "खलाशीभाऊ येऊन गेले. त्यांनी सांगितलं पायाचं."

तिनं फडक्याची घडी मांडीवर घेतली. "भाऊ, एक विचारू? त्या पायाला काही झालं होतं का? म्हणजे तिथं कंपनीत काही मार वगैरे?"

"नाही. का?"

"रात्रपाळी करून आले की दुपारी झोपायचे. झोपेत तो पाय दाबायचे. पलंगाच्या पायथ्याला लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर. कुरकुर वाजायची. पहिल्यांदा मी हसायचे." मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे." पण ती बोलत राहिली. "एकदा मी समोर उभी राहून दोरीवरचं लुगडं काढत होते. हात वर केला आणि पट्टी वाजली. वळून बघितलं तर डोळे मिटलेले. मी पुन्हा हात वर केला. पुन्हा पाय दाबला. दहा वेळा केलं मी ते भाऊ. दहाही वेळा. मग भीती वाटली. नंतर ते झोपले असले की मी त्यांच्यासमोर हात वर करत नसे."

"त्यांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं. म्हणाले, तेवढं तर रोजचं काम आहे."

तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "त्यांना त्रास झाला असेल का हो?" मी म्हणालो, चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही. हे खरं होतं. ती उठली, मुलानं चपला पिशवीत घातल्या, आणि ते दोघं बसस्टॉपकडे गेले. मी टेबलावरचा अहवाल पुन्हा वाचला. त्यातला एकही शब्द बदलता येण्यासारखा नव्हता.

आता ब्रेक निवडायचा होता. पॅडलचाच नवा ब्रेक बसवला असता तर काम एका सुट्टीत झालं असतं आणि मॅनेजरांना तेच हवं होतं. पण त्या ब्रेकची मूळ अवस्था सुटलेली असते. माणूस दाबेल तेव्हाच तो धरणार. मला असा ब्रेक हवा होता जो मुळात धरलेलाच असतो. जबरदस्त स्प्रिंग पट्टे आवळून ठेवते, आणि विजेवर चालणारा तेलाचा एक छोटा पंप स्प्रिंग उचलून धरतो तेवढाच वेळ चाक मोकळं. वीज गेली, नळी फुटली, माणूस गेला, काहीही झालं तरी स्प्रिंग धरणार. याला थ्रस्टर ब्रेक म्हणतात.

त्यात एक खोट होती. स्प्रिंग दया करत नाही. एकदम धरते. धावत्या क्रेनला एकदम धरलं तर लॅडल पुढे झुलते आणि काठावरून पोलाद उसळतं. एका माणसाला वाचवायच्या नादात चार जण भाजतील असा ब्रेक मला नको होता. म्हणून मी दोन्ही मागितले. रोजच्या थांबण्यासाठी पायाचा ब्रेक, मोठ्या सिलिंडरचा, योग्य तेलाचा, आणि त्याची नळी भट्टीपासून लांबच्या बाजूनं फिरवलेली. शिवाय वर थ्रस्टर ब्रेक, तोही असा की ज्याच्या पंपाला तेल हळूहळू सोडायची झडप आहे, म्हणजे स्प्रिंग झटक्यानं न धरता तीन-चार सेकंदांत आवळत जाईल. आणि थ्रस्टरची वीज एका मुठीच्या दांड्यातून नेलेली. ऑपरेटरनं मूठ आवळून धरली आहे तोवर वीज चालू. मूठ सुटली की बंद.

मॅनेजर दोन आठवडे कुरकुरले, शेवटी त्यांनी सही केली. माल आला तेव्हा खोक्यावर दांड्याचं नाव छापलेलं होतं: डेडमॅन हँडल. मामाच्या जागी आलेल्या नव्या ऑपरेटरनं ते वाचलं आणि स्टोअरकीपरला अर्थ विचारला. तासाभरात सगळ्या शेडला अर्थ कळला.

"मेलेल्या माणसाचा दांडा?" तो मला म्हणाला. "साहेब, हे मामांच्यासाठी मागवलंय का?"

"अरे, जगात सगळीकडे हेच नाव आहे. माणसाला काही झालं तर—"

"म्हणजे वर बसून दिवसभर मुठीत धरायचं, की मी अजून मेलो नाही. मला नाही जमणार."

दुसऱ्याला विचारलं, त्यानं बदली मागितली. आठवडाभर नवा ब्रेक बसवून क्रेन तशीच उभी. भट्ट्या मागे पडायला लागल्या. मग एका सकाळी खलाशी माझ्या टेबलाशी आला. अंगाला वाळू लागलेली होती.

"मला शिकवा," तो म्हणाला. "मी बसतो वर."

"तू? तू तर केबिनकडे बघायला तयार नव्हतास."

"खालून बघायला. खालच्याला वर कोन हाय ते कळत न्हाई साहेब. वर बसलं की खालचा हात तरी दिसतो."

त्याला परवान्याची परीक्षा द्यावी लागली, तोवर दोन महिने मुठीचा दांडा आणि थ्रस्टर न जोडता, नुसत्या पायाच्या ब्रेकवर, दुसऱ्या शेडचा एक ऑपरेटर उसना आणून कसंबसं भागवलं. खलाशी चांगला शिकला. मग एका गुरुवारी भर दुपारी आम्ही चाचणी घेतली. लॅडलमध्ये काठाच्या खाली दोन वितींपर्यंत पाणी भरलं. मी खाली उभा राहिलो. ठरलं होतं ते असं: त्यानं पूर्ण वेगानं क्रेन आणायची आणि मी पंजा वर केला की पाय न लावता फक्त मूठ सोडायची.

क्रेन निघाली. रिकाम्या शेडमध्ये चाकांचा घरघराट पत्र्यांवरून परत येत होता. साच्याची जागा आली आणि मी हात वर करणार तोच माझ्या मनात आलं की हा हात मी कुणाला दाखवतो आहे? केबिनच्या काचेवर वरच्या तावदानांचा उजेड पडला होता. आत बसलेल्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार. मी हात वर केला.

ब्रेक लागला. लॅडल पुढे झुलली, पाण्याची एक लाट काठावरून उसळून माझ्या पायांपुढे पडली. मी मागे उडी मारली. ते पाणी होतं, पण तो ओघळ क्षणापूर्वी माझे पाय होते तिथवर पसरला.

झडप आणखी आवळली. पुन्हा चाचणी. या वेळी पाणी काठाला लागून परत गेलं. तिसऱ्यांदा आतल्या आतच हेलकावलं. सहा फूट जास्त लागले थांबायला. ते सहा फूट मी साच्यांच्या मांडणीत पुढेमागे करून घेतले, आणि संध्याकाळी फाइलमध्ये लिहिलं की ब्रेक समाधानकारक आहे.

नव्या ब्रेकवर पहिली खरी भट्टी ओतली तेव्हा मॅनेजर स्वतः येऊन उभे राहिले. काही झालं नाही. पुढच्या वर्षी एकदा भरली लॅडल जात असताना वीज गेली. सगळ्या शेडचे आवाज एकदम मिटले, आणि त्या शांततेत वर पट्टे आवळल्याचा तेवढा चरचराट ऐकू आला. लॅडल एकदा पुढे, एकदा मागे, आणि थांबली. कुणाच्या केसालाही धक्का नाही. वीज यायला दोन तास लागले, तोवर पोलाद लॅडलमध्येच गोठलं. ते फोडून काढायला तीन दिवस लागले आणि मला बोलणी बसली. त्या बोलण्यांचं मला काही वाटलं नाही.

खलाशी बरीच वर्षं ती क्रेन चालवत राहिला. हात चांगला बसला त्याचा, जवळजवळ मामासारखा. फाटकावरचं ते भांडण आमच्यात पुन्हा निघालं नाही. एकदाच, मी ती नोकरी सोडून चाकण रस्त्यावरच्या एका नव्या कारखान्यात जाणार होतो तेव्हा, आम्ही वाळूच्या ढिगाशी चहा घेत बसलो होतो. तो आपणहून म्हणाला, "तुमी तवा खरं सांगितलं असतं तर मी पळालो असतो. समद्यात आधी मी पळालो असतो."

मी म्हणालो, "तुला राग होता."

"व्हता. आता न्हाई."

मग मला कितीतरी वर्षं विचारायचं होतं ते मी विचारलं. "वर बसल्यावर कधी जाणवतं का? कुणी आहे, असं?"

त्यानं कपातला तळाचा चहा वाळूवर ओतला. वाळूनं तो लगेच पिऊन टाकला.

"न्हाई," तो म्हणाला. "उलटं वाटतं. खालचा हात वर जातो, माझा पाय दाबतो, क्रेन थांबते. दिवसातनं पन्नास येळा. आन कदी कदी ध्यानात येतं, की ह्या येळंला मी दाबलाच न्हाई, मी दुसरंच कायतरी मनात घोळवत व्हतो. मी हितं बसलोय, मूठ धरलीय, पन वर कोनीच न्हाई."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. तेवढ्यात भट्टीकडून घंटा झाली, लॅडल भरायला घेतली होती. तो उठला, चड्डीची वाळू झटकली आणि शिडी चढायला लागला. खाली नवा खलाशी साच्यापाशी जाऊन उभा राहिला होता. त्यानं वर बघितलं आणि खूण करायला हात तयार ठेवला.